अकरा खोल्यांचं घर

माझं मनगट मोडलं ते तिसऱ्या मुद्द्याला.

आम्ही सहा जण मिळून कवळ्या बनवतो. पाटीवर ‘प्रयोगशाळा’ लिहिलंय, पण आहेत तीन खोल्या, दोन भट्ट्या आणि एक सतत गळणारा नळ. दंतवैद्यांकडून मापं येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणावर दात बसवायचे, गुलाबी हिरड्या शिजवायच्या आणि शेवटी सगळं घासून चकाकवायचं. घासताना पांढरी धूळ उडते. ती खेचून घेणारा पंखा बसवावा म्हणून आठ वर्षं मी मालकांच्या मागे हात धुऊन लागले होते. त्या दिवशी ते जिना उतरत होते आणि मी त्यांच्या पुढे उलटी उतरत होते, कारण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं असं माझं मत आहे. कामगारांचं आरोग्य हा पहिला मुद्दा झाला, मालकाची नैतिक जबाबदारी हा दुसरा झाला आणि तिसरं बोट वर करताना कठडा हातातून सुटला. तिसरा मुद्दा काय होता ते मला अजून आठवलेलं नाही. मालकांनी स्वतः मला दवाखान्यात नेलं. क्ष-किरणाच्या रांगेत बसल्या बसल्या मी त्यांना सार्वजनिक आरोग्यसेवेबद्दल दोन शब्द सांगितले. ते चाळीस मिनिटं चालले.

मला मतं आहेत. फुटपाथच्या रुंदीबद्दल आहेत, घरकामाच्या वाटणीबद्दल आहेत, वाचनालयाच्या वेळांबद्दल आहेत. नवरा एकदा म्हणाला होता की दिवसभर लोकांच्या तोंडांची सोय बघणाऱ्या बाईला स्वतःचं तोंड आवरत नाही. विनोदातून पुरुषी वर्चस्व कसं झिरपतं हे मी त्याला तेव्हा इतकं सविस्तर समजावलं, की तेव्हापासून तो विनोद करत नाही, निमूटपणे भांडी घासतो. घरकामाची वाटणी झाली, हा त्यातला फायदा.

व्हिडिओ गेमबद्दलही मला मत होतं. ते वर्तमानपत्रात छापूनसुद्धा आलं होतं, वाचकांच्या पत्रात, ‘पडद्यात हरवलेला समाज’ अशा मथळ्याखाली. प्रौढ माणसांनी बटणं दाबत बसावं आणि समाज वाऱ्यावर सोडावा, याचा मी त्यात समाचार घेतला होता. हे मत मी कुठून आणलं, तर घरातूनच. माझी धाकटी नणंद आमच्याकडेच राहते. चाळीस वर्षांची आहे, माझ्याहून वीतभर उंच आहे, गोदामात फोर्कलिफ्ट चालवते, आणि सगळे तिला अजून छकुली म्हणतात. सकाळची पाळी संपवून ती तीनला घरी येते, आंघोळ करते, मोठा मग भरून चहा घेते आणि सरकत्या दारामागच्या तिच्या खोलीत खेळत बसते. माझं पत्र तिने कापून फ्रिजवर चिकटवलं आणि ‘प्रौढ माणसांनी’ या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. बोलली काहीच नाही. ती फारसं बोलत नाही, आणि आमच्या घरात बोलायला जागा शिल्लकही नसते.

प्लास्टर निघालं तेव्हा माझा उजवा अंगठा माझं ऐकेना. व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी स्पंजचा चेंडू दिला. तो मी दोन दिवस दाबला आणि सोफ्याखाली जाऊ दिला. मग त्यांनी विचारलं, घरात कोणी व्हिडिओ गेम खेळतं का. दोन्ही अंगठ्यांना त्याच्यासारखं काम नाही म्हणे. मी त्यांना माझ्या पत्राबद्दल सांगायला सुरुवात केली.

“मतं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “अंगठा हलवा.”

तर अशा रीतीने, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, मी नणंदेच्या सरकत्या दारावर टकटक केली. दुसरी कोणी असती तर तिने आधी मला फ्रिजपर्यंत चालवत नेलं असतं. छकुलीने नुसती उशी सरकवून जागा केली आणि तिच्याकडचा दुसरा काळा, बटणांचा ठोकळा माझ्या हातात दिला.

खेळ होता एका बेटावरचा. सात-आठ जण, वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले, मिळून एक गाव वसवत होते. लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, बीट पेरायचं, घरं बांधायची, आणि रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून भोवती भिंत घालायची. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बघायचं. माझा उजवा कामातून गेलेला, त्यामुळे मी चालत असे पण कुठे ते मला दिसत नसे. पहिले तीन दिवस मी नदीत पडले. लिहून बोलणंही जमत नव्हतं, म्हणून छकुलीने मला कानाला लावायचा माइक दिला. ही तिची चूक होती आणि ती हे मान्य करते.

गावात प्रत्येकाचं खेळातलं टोपणनाव होतं. फौजदार नावाचा एक जण सगळ्यांना कामं सांगे. बिनबोभाट नावाचा एक जण दिवसभर लाकडं वाही आणि अवाक्षर काढत नसे. माझं नाव छकुलीने ‘वहिनी’ ठेवलं, त्यामुळे सगळं बेट मला वहिनी म्हणू लागलं. लोक चांगले होते. मी नदीतून बाहेर आले की कोणीतरी येऊन मला कोरडं करायच्या शेकोटीपाशी नेऊन सोडी.

पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की या गावात विषमता आहे.

नवीन आलेल्यांना मातीची एकेक झोपडी होती. आणि नदीकाठी, सगळ्यात मोक्याच्या जागी, एक प्रचंड दगडी घर होतं. दोन मजले, निळ्या तावदानांच्या खिडक्या, आणि आत खोल्या. मी आत जाऊन मोजल्या. अकरा. हे घर ढेकूळ नावाच्या एकाच व्यक्तीचं होतं. एका माणसाला अकरा खोल्या, आणि मी, कष्टकरी बाई, मातीच्या झोपडीत. मी पाच दिवसांत एकूण सहा लाकडं तोडली होती हा मुद्दा तेव्हा मला गौण वाटला.

मी फौजदाराला विचारलं, इथे निर्णय कोण घेतं. तो म्हणाला, कोणी नाही, ज्याला जे सुचेल ते तो करतो. मी म्हटलं, म्हणजे जो आधी आला त्याचं राज्य. तो बिचारा म्हणाला, वहिनी, लाकूड आणता का. मी लाकूड आणलं नाही. मी सभा घेतली.

पुढच्या दहा दिवसांत मी त्या बेटाला सुधारलं. रोज चार वाजता सभा. कामाच्या पाळ्या. कोठारातून काही नेण्याआधी कारण सांगायचं. माझ्यासारख्या दुखऱ्या अंगठ्याच्या लोकांना भिंत बांधण्यातून सूट. सभा पाऊण तास चाले, त्यात चाळीस मिनिटं प्रास्ताविक माझं. लोक येत, उभे राहत, कोणी मधेच गोल गोल फिरत. एकदा एकाने सभेत बीट पेरायला घेतलं तर मी त्याला थांबवलं. खरं सांगते, आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. प्रयोगशाळेत मी बोलायला लागले की लोक घासायचं यंत्र चालू करतात. इथे माझा आवाज थेट त्यांच्या कानात जात होता.

मग ठराव आला. मीच आणला. कोणाकडेही दोनपेक्षा जास्त खोल्या नसाव्यात, जास्तीचे दगड सगळ्यांत वाटावेत. मतदान झालं तेव्हा पाच जण हजर होते. ढेकूळ नव्हती, ती दिवसातून अर्धा तास येई आणि तो अर्धा तास कधीच सभेच्या वेळी नसे. ही बेफिकिरी मी भाषणात नमूद केली. दोघांनी बाजूने मत दिलं. फौजदारानेही दिलं, कारण त्याला बायकोला आणायला जायचं होतं आणि सभा संपल्याशिवाय उठणं बरं दिसलं नसतं. चौथं माझं. छकुली तटस्थ राहिली आणि चहाचा मग विसळायला उठून गेली. मी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की इतिहास तटस्थांना माफ करत नाही.

पहिला घाव मीच घालायचा असं ठरलं, प्रतीक म्हणून. एक खिडकी हातोड्याने काढायची आणि बाकीचं काम ढेकूळ आली की तिच्यासमोर, सन्मानाने. हातोड्याचं बटण उजवीकडे होतं. त्याच्याशेजारचं बटण सुरुंगाच्या दारूच्या पिंपाचं होतं. माझ्या अंगठ्याने तेवढ्यात निर्णय घेतला.

घर गेलं. घराला लागून असलेली गावाची भिंतही गेली. त्या भगदाडातून रानडुकरं आत आली आणि त्यांनी सगळं बीट खाल्लं. शेकोटीभोवती सगळे जमले. तेव्हा मी माइकमध्ये म्हणाले की संक्रमणकाळात असं थोडंफार व्हायचंच. हे वाक्य आठवलं की आजही मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ढेकूळ आली. मी तिची वाटच बघत होते. ती घराच्या जागेभोवती एकदा फिरली. मग आत गेली, म्हणजे जिथे आत होतं तिथे, आणि उभी राहिली. मी तिला खाजगी मालमत्ता आणि सामूहिक हित यांचं नातं समजावून सांगितलं. अंगठ्याचा उल्लेख ओझरता केला. माझं बोलणं संपल्यावर पडद्यावर तिचा एकच शब्द आला.

‘बरं.’

आणि ती निघून गेली. चार दिवस झाले तरी परतली नाही. मग फौजदार येईनासा झाला, मग बाकीचे. आठवड्याच्या शेवटी चार वाजताच्या सभेला मी होते आणि दूरवर लाकडं वाहणारा बिनबोभाट होता. माझं गाव संपूर्ण समतेचं झालं होतं. त्यात कोणी राहत नव्हतं इतकंच.

छकुलीला मी म्हटलं की लोकांना सवलती सोडवत नाहीत. ती स्वयंपाकघरात उभी राहून पाव खात होती. नवरा शेंगा सोलत होता.

“ढेकूळ कोण आहे माहितीय तुला?” तिने विचारलं.

मी म्हटलं, कोणी का असेना, प्रवृत्ती महत्त्वाची.

“हॉटेलच्या धुलाईत इस्त्री करते ती. आठ जणींची एक खोली आहे, आणि पलंग चार. दिवसपाळीच्या उठल्या की रातपाळीच्या झोपतात. त्या खोलीला खिडकी नाही, वहिनी. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास ती फोनवर खेळते. सात महिने बांधत होती ते घर.”

मी खुर्चीवर बसले. बराच वेळ मला काही बोलता आलं नाही. हे आमच्या घरात इतकं नवीन होतं की नवऱ्याने शेंगा खाली ठेवल्या. मला त्या अकरा खोल्या आठवत होत्या. बहुतेक रिकाम्या होत्या. एकीत नुसती एक खुर्ची होती, खिडकीकडे तोंड करून. मी ती खुर्ची भाषणात वापरली होती, उधळपट्टीचं उदाहरण म्हणून.

आणि तरीही, अगदी खरं सांगायचं तर, तीन-चार मिनिटांनी मला कामगार वसतिगृहांच्या अवस्थेबद्दल एक मत सुचायला लागलं. माझं बोट वर जाताना नवऱ्याला दिसलं असावं. त्याने त्या हातात चहाचा कप दिला.

मी माफीचं पत्र लिहायला घेतलं. डाव्या हाताने, मोबाइलवर, दोन दिवस. त्यात विषमतेची पार्श्वभूमी होती, माझ्या हेतूची छाननी होती, आणि बटणांच्या सदोष रचनेवर एक परिच्छेद होता. छकुलीने ते वाचलं, बोटाने वर सरकवत राहिली, सरकवत राहिली, आणि म्हणाली, “यात ती कुठे आहे?” मी दुखावले. कपडे बदलून बाहेर पडले. तसंही प्रयोगशाळेत वैद्यकीय दाखला द्यायचा होता.

तिथे दार उघडलं तर काहीतरी वेगळं वाटलं. घासायच्या टेबलावर धूळ नव्हती. वर एक करडं पत्र्याचं नळकांडं भिंतीतून बाहेर गेलं होतं आणि त्याच्या तोंडाशी पंखा मंद घरघरत होता. प्लास्टर ओतणारी आमची सहकारी, जिला सगळे मावशी म्हणतात, तिथे टेकून एक कवळी पुसत होती. मी विचारलं, हा कधी आला. ती म्हणाली, झाला की महिना.

“पण मालक तयार कसे झाले? काय सांगितलंस तू त्यांना?”

“काय सांगायचंय,” मावशी म्हणाली. “म्हटलं, पंखा बसवता का. ते म्हणाले, बसवू.” मग जरा संकोचून तिने पुढे सांगितलं की त्यांनाही तो केव्हाचा बसवायचा होता, पण विषय काढला की बोलणं लांबत जाई, मग राहूनच जाई.

मी दाखला टेबलावर ठेवला, पंख्याखाली हात धरून बघितला आणि घरी निघाले. आठ वर्षं त्या धुळीच्या आणि पंख्याच्या मधे मी उभी होते. वाटेत एका बाकावर बसून मी पत्र काढलं आणि खोडत गेले. पार्श्वभूमी गेली, हेतू गेला, बटणं गेली. शेवटी उरलं ते असं: ‘तुमचं घर मी न विचारता पाडलं. माझं चुकलं. परत बांधते आहे.’ ते पाठवलं. उत्तर आलं नाही.

छकुलीकडे त्या घराचे तीन फोटो होते, सगळे नदीच्या बाजूने काढलेले. त्यावरून मी कामाला लागले. माझ्या झोपडीत सहा लाकडं होती आणि घराला लागणार होते हजारेक दगड. बिनबोभाट आपणहून दगड आणून माझ्या शेजारी ठेवू लागला. इतक्या पडझडीत एक माणूस माझ्या पाठीशी राहिला, याने मला भरून आलं. भिंत रचता रचता मी त्याच्याशी मोकळेपणाने बोलत गेले. माझ्या चुका, माझं बालपण, माझ्या वडिलांचाही असाच बोलका स्वभाव. तो ऐकत राही. एका दुपारी मी त्याला म्हणाले की तुमच्यासारखा श्रोता मला जन्मात भेटला नाही.

छकुली शेजारीच मोजे घडी करत होती. तिने हळूच सांगितलं की त्याने माझा आवाज बंद करून ठेवलाय.

कधीपासून, मी विचारलं. म्हणाली, पहिल्या सभेपासून. मी म्हटलं, त्याला शांतता आवडत असेल, सगळ्यांचाच बंद केला असेल.

“नाही,” छकुली म्हणाली. “फक्त तुझा.”

मी माइक काढून उशीवर ठेवला. त्यानंतर बिनबोभाटाने आणि मी सोळा दिवस न बोलता काम केलं, आणि मला कबूल करायला जड जातं, पण काम भराभर झालं. फिजिओथेरपिस्ट बाई अंगठा बघून खूश झाल्या. म्हणाल्या, चेंडूचा चांगलाच उपयोग झालेला दिसतो. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

घर उभं राहिलं. छप्पर जरा एका अंगाला कललेलं होतं, पण अकरा खोल्या होत्या आणि तावदानं निळी होती. मग एका रविवारी दुपारी ढेकूळ आली. मी भिंतीपाशी चिखल कालवत होते. ती काही न लिहिता आत गेली आणि एकेक खोली बघत फिरली. खालून मला तिची पावलं ऐकू येत होती. जिना चढली, उतरली, आणि मागच्या खोलीत बराच वेळ थांबली. छकुली माझ्या शेजारी येऊन बसली.

पडद्यावर अक्षरं उमटली. ‘इथे खिडकी होती.’

फोटोत मागची बाजू आलीच नव्हती, आणि हे तिला सांगावं म्हणून माझे अंगठे हललेसुद्धा. अर्धं वाक्य लिहून झालं होतं. छकुलीने माझ्या अंगठ्यांकडे बघितलं. मी ते पुसलं आणि लिहिलं, ‘कुठे?’

‘दाखवते,’ तिचं उत्तर आलं. ‘जिनाही चुकलाय. तो नदीकडून होता. आणि छप्पर हे असं नाही राहणार. दगड लागतील.’

आणि तिने हातोडा काढून माझी भिंत पाडायला सुरुवात केली. सोळा दिवसांचं काम होतं ते. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. ती किती सफाईने पाडत होती ते बघण्यासारखं होतं. एकही दगड फुटत नव्हता, सगळे एका ओळीत रचले जात होते.

त्या दिवशी तिला सुट्टी होती. कुठल्याशा बागेत बाकावर बसून खेळते आहे, असं तिने मधेच सांगितलं. आम्ही संध्याकाळ होईपर्यंत काम केलं, म्हणजे ती बांधत होती आणि मी आणून देत होते. एक खोली शिवणकामाची, एक नुसती बसायची, दोन कशाच्या ते अजून ठरलेलं नाही, असं काहीबाही ती सांगत गेली. बाकीच्या खोल्यांबद्दल मी विचारलं नाही. स्वयंपाकघराचं दार आतल्या बाजूला उघडण्यापेक्षा बाहेर उघडलं तर जागा वाचेल असं माझं ठाम मत झालं होतं, आणि ते मी लिहिलंही.

‘वहिनी, दगड,’ तिने लिहिलं.

मी दगड आणायला गेले. खाणीपाशी बिनबोभाट उभा होता. त्याने एक ओझं माझ्या पाठीवर चढवलं, एक स्वतः घेतलं, आणि आम्ही नदीकडे चालायला लागलो. माझा अंगठा आता इतका सुधारला होता की चालताना मला वाटही दिसत होती.